डोळ्यांच्या पाण्याहून खारं नको

आत्या,

काल परत तुझी भाजी वेगळी काढली. दोडक्याची होती. फोडणी दिली, फोडी परतल्या, वाफ आली, आणि हात आपोआप तुझ्या लहान कढईकडे गेला. मीठ घालायच्या आधी दोन डाव भाजी तिच्यात काढली, वर झाकण ठेवलं, मग मोठ्या भांड्यात मीठ घातलं. मम्मी मागे उभी होती. जेवायला बसल्यावर पप्पांनी झाकण उचलून पाहिलं आणि तसंच परत ठेवलं.

ती भाजी मी खाल्ली. सगळे उठून गेल्यावर, ओट्याशी उभी राहून. पहिला घास तोंडात नुसता फिरत राहिला. दोडका कळत होता, तेल कळत होतं, लसूण तर फारच कळत होता, पण ते सगळं एकमेकांपासून सुटं होतं. तिसऱ्या घासाला पाणी प्यावं लागलं. "एक दिवस माह्या ताटातलं खाऊन पाह्य, मंग सांग मले," असं तू कितीदा म्हणाली होतीस. मी दर वेळी हसून विषय टाळला. आता खाल्लं, आणि सांगायला तू नाहीस.

तू माझ्याशी आणि मी तुझ्याशी आयुष्यभर जे काही बोललो त्यातलं बहुतेक मिठाबद्दलच होतं, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

सुरुवातही तिथूनच. मी सात-आठ वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्या गावी आले होते आणि मला जुलाब लागले होते. तू अंगणवाडी सेविका. गावातल्या बायका लेकरांना पोटाशी धरून तुझ्याकडेच पळत यायच्या, म्हणून मला वाटायचं की तू डॉक्टर आहेस. तू पाणी उकळून निववलंस, तांब्यात लिटरभर मोजून घेतलंस, त्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक चमचा बोटानं सपाट करून. मग आधी स्वतः चाखलंस आणि पेला माझ्यापुढे धरलास.

"चाखून पाह्य. डोयाच्या पाण्याहून खारं लागलं त फेकून द्या लागते."

"मला काय माहीत डोळ्यांचं पाणी कसं लागतं?"

"सकायपासून रडूनच त राह्यली. गालाले जीभ लाव की वं."

मी खरंच जीभ लावली. मग पेल्यातलं पाणी चाखलं. पेल्यातलं कमी खारट होतं. मी मान हलवली आणि तू म्हणालीस, "झाल्या आमच्या मॅडम पास." दुपारभर तू चमच्याचमच्यानं ते मला पाजत राहिलीस. मी ओकले तरी तू थोडं थांबून पुन्हा चमचा पुढे करायचीस. "पाजत राहा लागते, माय. थोडं थोडं, पण पाजत राहा लागते." हे तू मला नाही, दारात बसलेल्या मंजुळाबाईला सांगत होतीस. तिच्या मांडीवर तिचा धाकटा होता, त्याचे डोळे खोल गेले होते. त्याच तांब्यातलं पाणी तू त्यालाही दिलंस. तो आता ट्रॅक्टर चालवतो.

त्या सुट्टीतली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. तुझ्या घरी दोन माठ होते. दाराजवळच्या माठावर पितळी झाकण, आतल्यावर लाकडी फळी. मला नेहमी दाराजवळच्या माठातलं पाणी मिळायचं. तू स्वतः आतल्या माठातलं प्यायचीस. एकदा मी चुकून फळी सरकवून आतलं पाणी प्यायले आणि थुंकले. ते खारट होतं, आणि मागून जिभेवर कडवट काहीतरी राहत होतं.

"ते कायले पेली? ते आमचं हाय."

"मग हे?"

"हे गोडं. पाहुण्याचं."

"मी पाहुणी आहे का?"

"तू शेगावची इंग्लिश मॅडम. तुह्या पोटाले आमचं पाणी झेपत नाई."

मी रुसले होते. मला वाटलं, मला परकी म्हणतेय. तुमचा भाग खारपाण पट्ट्यातला, विहीर कुठेही खणा, पाणी खारंच लागणार, त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा नासतो, नळाचं गोडं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी ते थोडंसं गोडं पाणी पाहुण्यासाठी, आजाऱ्यासाठी आणि चहासाठी राखून ठेवायची रीत आहे, हे त्या वयात मला कुठून कळणार? माझं साखर-मिठाचं पाणीही तू गोड्या माठातलंच केलं होतंस. अंगणवाडीतल्या लेकरांसाठीही तू तोच माठ रिकामा करायचीस. आणि स्वतः जन्मभर आतलं प्यायलीस. हा हिशेब गावात कुणीच कधी मांडला नाही, कारण तो सगळ्यांच्याच घरात तसाच होता.

तुझे पाय सुजायला लागले तेव्हा तू निवृत्त झाली होतीस. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत पायावरून जायचा नाही. गावाकडच्या दवाखान्यात तुला रक्तदाबाची गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. तू ते ऐकलंस. तू सांगितलेलं ऐकणारी बाई होतीस, कारण आयुष्यभर लोकांनी आपलं ऐकावं म्हणून तूही घसा फोडला होतास. लोणचं बंद, पापड बंद, भाकरीच्या पिठात मीठ नाही, वरणात नावाला. दर खेपेला दवाखान्यात विचारायचे, मीठ कमी केलं का, आणि तू खरं तेच सांगायचीस, "हाव, सोडलंच म्हना ना." तरी रक्तदाब उतरायचा नाही. गोळी वाढायची.

पप्पा तुला शेगावला घेऊन आले. मोठ्या तपासण्या झाल्या आणि किडन्या बऱ्याच खराब झाल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टरांच्या समोर मी तुझ्या शेजारी बसले होते, फाईल मांडीवर घेऊन. अशा ठिकाणी मी कधी स्वतःहून बोलत नाही, तुला माहीत आहे. त्यांनी गाव विचारलं, तू सांगितलंस, आणि त्यांचं लिहिणं थांबलं.

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"किती वर्षांपासून?"

"अवो, जलमापासून."

तुझ्या आजाराचं कारण पाणीच, असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही. वय आहे, रक्तदाब किती वर्षं तपासलाच नव्हता कोण जाणे, दुखण्याच्या गोळ्याही खाल्ल्या असतील. पण पाण्यातलं मीठही मीठच, तेही मोजायला हवं होतं, असं ते म्हणाले. परतताना ऑटोत तू सुजलेले पाय चपलांतून काढलेस. मग बाहेर बघत म्हणालीस, "मीठ त मी सोडलं होतं वं. पाणी कोन सोडते?"

मला त्याचं उत्तर द्यायला हवं होतं. निदान तुझा हात धरायला हवा होता. मी फाईल नीट केली.

घरी आल्यावर मम्मी म्हणाली, "तू सायन्सवाली, तूच पाहा आत्याबाईंच्या जेवणाचं." मम्मीची शाळा, पप्पांचं ऑफिस, आणि मी बी.एस्सी. करून फौजदाराच्या परीक्षेच्या अभ्यासाला घरीच. मी ते काम घेतलं आणि अगदी मन लावून केलं. पाकिटांच्या मागचे बारीक आकडे वाचले. फरसाण, बिस्किटं, खाण्याचा सोडा, सगळ्यात मीठ कुठे लपतं ते शोधलं. शेजारच्या काकूंनी उपवासाचं सैंधव आणून दिलं, "हे चालते किडनीले," तेव्हा डॉक्टरांना विचारून त्यांना परत केलं, कारण तेही मीठच. मेडिकलमधून कमी सोडियमचं म्हणून एक मीठ आणणार होते, तर कळलं की त्यात पोटॅशियम असतं आणि तुझ्यासारख्यांना ते जास्तच घातक. मी सगळ्या वाटा बंद केल्या. तुझ्या जिभेसाठी एकही उघडी ठेवली नाही, असं आता वाटतं. लिंबू पिळता आलं असतं थोडं, कोथिंबीर, भाजलेलं जिरं. हे मला सुचायचं, पण आधी मनाई सुचायची.

आणि आमच्याकडचं पाणी गोडं. ते तुला पाणी वाटतच नव्हतं. "तहान नाई जात वं या पाण्यानं," तू म्हणायचीस. पाणी फिकं, भाजी फिकी. तू मागायचीस आणि मी नाही म्हणायचे, आणि नाही म्हणताना माझ्या तोंडून इंग्रजी शब्द यायचे. सोडियम, रिस्ट्रिक्शन, लिमिट. मी घाबरले की इंग्रजीत जाते. तुला ते उद्धटपणाचं वाटायचं.

"मीठ म्हन ना सरळ. सोडियम म्हनलं म्हंजे काय मले लागत नाई?"

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुले परीक्षा कायले पाह्यजे वं? तू तशीच पोलीस हाय."

एकदा तू शेजारून आलीस आणि तुझ्या बोटांना लोणच्यातल्या हिंगाचा वास येत होता. मी नुसतं बोटांकडे पाहिलं. तू हात पदरात लपवलास, शाळेतल्या मुलीसारखा. मग रागावलीस. "या मिठानं म्या गावचे पोट्टे वाचवले. ते मलेच मारते काय?" मी म्हणाले, "मोजून दिलं होतंस, म्हणून वाचवले." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं, तुला ते पटलं होतं. पटलं म्हणूनच तू त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. माझा मुद्दा बरोबर होता. बरोबर बोलून झाल्यावर जवळ बसायचं असतं, ते मला जमत नाही.

पुढे पाण्यालाही माप लागलं. तुझी एक बाटली ठरली, दिवसभराचं सगळं तिच्यात. चहा, गोळ्यांचं पाणी, सगळं. साऱ्या गावाला "पाजत राहा" सांगणारी तू, उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे बघून बाटली उचलायचीस आणि अंगठ्यानं खूण धरून दोन घोट घ्यायचीस. मी वाचायचं नाटक करायचे. पुस्तकाचं पान उलटलं जायचं नाही.

आणि मग ते तुझं मागणं. हिवाळा होता, तू अंगणात ऊन घेत होतीस, मी तुझ्या केसांना तेल लावत होते.

"मले एकदा गावाले ने. एक गिलास आपल्या विहिरीचं पानी पेतो आन् वापस येतो."

"आत्या, तेच पाणी नको म्हणतात ना डॉक्टर."

"लोनारच्या खाऱ्या तळ्याचं नाई मांगून राह्यली मी. माह्या घरचं मांगून राह्यली."

"पुढचे रिपोर्ट चांगले येऊ दे. मग जाऊ."

तू हसलीस. "रिपोर्ट चांगले आले असते त पानी कायले मांगतलं असतं मी?"

मी त्या वेळी तुझी वेणी घालत होते. ती जास्तच घट्ट झाली, तू "हळू वं" म्हणालीस. विषय तिथे संपला. तू पुन्हा कधी मागितलं नाहीस. मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

डॉक्टरांना विचारता आलं असतं. "अर्धा पेला, त्या दिवसाच्या मापात धरून" असं काहीतरी ते म्हणाले असते, किंवा नाहीच म्हणाले असते. मी विचारलंच नाही. मला वाटायचं की तुला जगवायचं आहे आणि बाकीचं सगळं नंतर. नंतर तुझ्या पलंगावर बसून अळणी भाजी खायची होती. नंतर तुला सांगायचं होतं की मी तुझ्या ताटावर एवढी नजर ठेवते ती मला भीती वाटते म्हणून. तू गेलीस तर या घरात माझ्याशी भांडणारं कुणी उरणार नाही, याची भीती. इतरांशी मी भांडतही नाही.

एका सकाळी तुला दम लागला आणि दवाखान्यातून तू परत आली नाहीस. तुझ्या मातीला गावचे खूप लोक आले होते. मी एका बाजूला उभी होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "इतकं केलं म्हन्ते पोट्टीनं, पन डोयाले टिपूस नाई." ते खरं होतं. मला रडायला आलंच नाही. मी मनात तुझ्या औषधांच्या वेळा म्हणत होते.

गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी द्यायचं जलदान तुझ्या घरीच ठेवायचं पप्पांनी ठरवलं. आम्ही पोचलो तेव्हा मंजुळाबाईंनी घर झाडून, सारवून ठेवलं होतं. मला पाहून त्या आत गेल्या आणि फुलपात्र भरून पाणी घेऊन आल्या. गोडं पाणी. तू ठेवायचीस तसं, दाराजवळच्या माठातलं. मी ते घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

पांढऱ्या चादरीवर तुझा फोटो, मेणबत्त्या, पुढे ताट, ताटात वाटी. शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. बाजूला फिल्टरच्या पाण्याचा कॅन होता, तांब्यातलं पाणी त्यातलंच. बौद्धाचार्य बसले, लोक बसले, आणि मी उभी राहिले. इतक्या लोकांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही. माझा आवाज मलाच परका वाटला.

"हे पाणी नको. आत्याच्या विहिरीचं घ्या."

पप्पांनी वर पाहिलं. "काऊन?"

"तिनं मागितलं होतं. माझ्याजवळ."

पप्पांनी बौद्धाचार्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पाणी कोणतंही चालते, बेटा. देणाऱ्याचं मन पाह्यजे." मंजुळाबाई आधीच उठल्या होत्या. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि माझ्या हातात दिला. "चाल, मीबी येते." आम्ही दोघी विहिरीवर गेलो. त्यांनी बादली ओढली, मी तांब्या भरला. परत येताना त्या म्हणाल्या, "तुही आत्या मले म्हने, माही पोरगी बोलत नाई, पन माह्यावरून नजर हटवत नाई. लई जीव हाय म्हने तिचा."

आत्या, तुला माहीत होतं. मला तू सांगितलं नाहीस. मीही तुला सांगितलं नव्हतं, म्हणजे आपली फिटंफाट झाली, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. ती पटत नाही.

मग आम्ही सगळ्यांनी तांब्याला हात लावला. पप्पांचा हात, त्याला मम्मीचा, तिला माझा. गाथा सुरू झाली आणि पाणी वाटीत पडायला लागलं. बारीक धार. वाटी भरत आली तेव्हा माझ्या मनात आलं, आता थांबायचं, एवढंच माप. पण थांबायचं नव्हतं. वाटी भरली, पाणी काठावरून ओसंडलं, ताटात पसरलं, तरी धार चालूच होती. तुझी बाटली, तुझी अंगठ्याची खूण, आणि हे सगळं वाहत चाललेलं पाणी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आता कायले देता वं एवढं?" मला ते तुझ्या आवाजात ऐकू आलं, स्पष्ट.

ताटातलं पाणी पप्पांनी अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी घातलं. लोक जेवायला बसले. तांब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी तो घेऊन आत गेले, फळीवाल्या माठापाशी, जिथे लहानपणी थुंकले होते, तिथे बसले आणि ते पाणी प्यायले. तेच होतं. खारट, मागून कडवट. अजून एक घोट घेतला. मग तू शिकवलं होतंस तशी गालाला जीभ लावून पाहिली.

पाणी पास होतं, आत्या. डोळ्यांचं जास्त खारं होतं.